सुटलेल्यांचा रकाना

क्रिकेटमध्ये स्लिपला उभा राहणारा आजवरचा सगळ्यांत चांगला माणूस कोण, हा वाद आमच्या घरी गोठ्यात चालायचा, धारेच्या वेळी, आणि म्हणून हळू आवाजात. मोठ्यानं बोललं की म्हैस बिचकायची आणि पान्हा चोरायची. त्यामुळे या निरुपयोगी प्रश्नावर आम्ही तिघं, म्हणजे माझे वडील आबा, थोरला भाऊ दत्तादादा आणि मी, कितीतरी वर्षं कुजबुजत भांडलो. आता तिघांतली मी एकटी उरले आहे. आबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दादा या उन्हाळ्यात गेला. वाद मात्र तसाच पडून आहे, आणि तो वाद ज्या वहीत लिहिला ती वही माझ्याकडे आहे. ती समोर ठेवून हे लिहिते आहे. रोज थोडं लिहून होतं, मग थकवा येतो.

आमचं घर म्हणजे पुढं दोन खोल्या आणि मागं गोठा. म्हशी चार, कधी पाच. दारातून आत आलं की आधी शेणाचा, मग भिजवलेल्या पेंडीचा आणि अगदी शेवटी चहाचा वास यायचा. पहाटेची धार आई काढायची. संध्याकाळी आबा दोन म्हशी घेऊन चौकातल्या दुधाच्या कट्ट्यावर जायचे आणि उभ्या गिऱ्हाइकाच्या पेल्यात तिथंच धार काढून द्यायचे. पेल्यावर फेस उभा राहिला पाहिजे आणि तो पिणाऱ्याच्या मिशीला लागला पाहिजे, एवढंच त्यांचं धंद्याचं तत्त्व होतं. घरातल्या राहिलेल्या म्हशी तेव्हा दादाकडे असत. सकाळी आम्ही दूध-भाकरी खायचो आणि ती संपता संपता आई ताटाच्या कडेला ठेचा ठेवायची. म्हैस व्याली की खरवस व्हायचा. आई त्यात गूळ घालून वर जायफळ किसायची. दादाला खरवसाचा मधला भाग आवडायचा, मला कडेचा, थोडा करपलेला. याच्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही. भांडणाला दुसरे विषय होते.

आमची पेठ फुटबॉलची. तालमीचा संघ, त्याचे झेंडे, जिंकल्यावर गुलाल. अशा गल्लीत राहून दादा क्रिकेट खेळायचा आणि त्यातही स्लिपला उभा राहायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फलंदाजाच्या बॅटची कड घेऊन चेंडू मागं उडतो, तो धरायला कीपरच्या शेजारी एक माणूस वाकून उभा असतो, ती जागा म्हणजे स्लिप. दिवसभरात चेंडू त्याच्याकडे एकदा येतो, नाहीतर येतच नाही. दादा मैदानावरून परत आला की तालमीच्या पायरीवरून कुणीतरी विचारायचं, "काय दत्त्या, किती तास हुबा हुतास? यष्टी आली का न्हाय?" दादा चालता चालता म्हणायचा, "आली की. तुम्हीच बसून हायसा."

या सगळ्याला कारण आबा, आणि आबांना कारण एक फोटो. त्यांच्या तरुणपणीच्या वर्तमानपत्रातून कापलेला तो फोटो गव्हाणीच्या वर भिंतीला खळीनं चिकटवलेला होता. एक माणूस गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हात पुढं, ओंजळ उघडी, आणि ओंजळीपासून वीतभर अंतरावर चेंडू. खालचं नाव फाटून गेलं होतं. आबा त्याला "फोटोतला" म्हणायचे आणि त्यांच्या मते जगात स्लिपचा पहिला नंबर त्याचाच होता. "हात बघ त्येचं," ते मला म्हणायचे. "धराय गेलेलं न्हाईत. घ्याय गेल्यात. म्हशीचा सड असाच धरायचा असतो. मूठ आवळली की म्हस दूध चोरती, आन् बॉल बी."

म्हणून दादाचा सराव गोठ्यात, पहाटे, आईची धार चालू असताना व्हायचा. एक लोखंडी घमेलं पालथं घालून त्याला गोणपाट गुंडाळलेलं असे. आबा त्याच्या उतारावर चेंडू मारायचे. तो कुठं उडेल याचा नेम नसे. दादा शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाकून उभा असे. चेंडू हातात येताना चापट बसल्यासारखा आवाज झाला, किंवा खाली पडला, तर म्हैस पाय आपटायची आणि आई पाठमोरीच म्हणायची, "गेलं बघा पावशेर." त्यामुळे आवाज न करता झेल घेणं हीच आमच्या घरात झेलाची पहिली कसोटी होऊन बसली. पुढं खुंटीला टांगलेल्या रेडिओवर सामने ऐकू लागलो, तेव्हाही आम्ही तीच कसोटी लावली. बॅटची कड लागल्याचा टक् असा आवाज आणि लोकांची आरोळी, यांच्यामधे जी शांतता असायची ती आबा डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. हा वेडेपणा होता हे आता कळतं. त्या शांततेत झेल घेणारा कसा दिसणार? पण आम्हाला दुसरं काही दिसतही नव्हतं.

परक्या खेळाडूंची नावं आबांच्या जिभेवर बसत नसत. मग त्यांना आमची नावं पडली. रेडिओवर ज्याचं वर्णन उंच, न हलणारा असं यायचं तो बगळा. ज्याच्या झेलाला आवाज नसतो असं आबांनी ठरवलं होतं तो लोणी. पुढं शेजाऱ्यांकडे टीव्ही आला तेव्हा एक टोपीवाला मिळाला, तो तर डोळ्यांनी दिसला, म्हणून दादा त्याच्या बाजूचा. वाद असा चालायचा. दादा म्हणायचा, टोपीवाल्याचं सगळं दिसतं, तो पहिला. आबा म्हणायचे, टोपीवाल्याच्या काळात खेळपट्ट्या गुळगुळीत झाल्या, फोटोतल्याच्या काळात चेंडू ढेकळावरनं उडायचा. मी पुस्तकं वाचणारी. मी म्हणायचे, नुसत्या झेलांच्या आकड्यावर ठरवू या. त्यावर दादा एकदा म्हणाला, "आकड्यावर काय ठरतंय? बगळा शंभर मॅच खेळला तर शंभर घेणारच की. आणि तुमचा फोटोतला, आबा. एका फोटोवर पहिला नंबर? त्यानं किती सोडल्यात ते कुणाला ठावं?"

आबा गवताच्या पेंढ्या सोडत होते, तेवढ्या सोडून झाल्यावर म्हणाले, "बराबर बोलतोय पोरगं. धरलेलं समदी लिहित्यात. सुटलेलं कोण लिहितंय? गिऱ्हाईक माप बघतंय, चोरलेला पान्हा कुणाला दिसतोय? शाले, वही काढ."

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आले. एकाचं नाव 'हातात' आणि दुसऱ्याचं 'हातातून'. रेडिओवर निवेदक हळहळला की मी दुसऱ्या रकान्यात रेघ मारायची. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी त्यांच्यावरून. त्याला आम्ही पेंढी म्हणायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मोठमोठ्या लोकांच्या दुसऱ्या रकान्यातही पेंढ्या साठतात. बगळ्याच्या तर पुष्कळ. चेंडू ज्याच्याकडे जास्त येतो त्याच्याच हातून जास्त सुटतो, आणि ज्याच्या हातून काहीच सुटलेलं दिसत नाही त्याच्याकडे एक तर चेंडू गेलेला नसतो, नाहीतर लिहिणारं कुणी नसतं. कॉलेजात शिकवलेल्या पुष्कळ गोष्टी मी विसरले, ही राहिली.

दादाच्या संघाची गुणवही मी लिहू लागले ती याच सवयीनं. मुलगी मैदानावर कशाला, असं एकदोघं म्हणाले, पण संघाचा कप्तान बापू म्हणाला, "तिचं अक्षर चांगलं हाय आन् ती बोलत न्हाय. अजून काय पायजे?" मी दोन्ही बाजूंचे झेल लिहायची आणि वहीच्या मागच्या पानांवर, 'हातातून'च्या रकान्यात, दोन्ही बाजूंचे सुटलेलेही. हे कुणी सांगितलं नव्हतं.

दादाचं शिक्षण संपलं त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. त्या संघात एक वर्ष खेळलं की खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळायची, कुठल्या तरी कचेरीत, टेबलाशी. नाही मिळाली तर मामानं फाउंड्रीत शब्द टाकून ठेवला होता. फाउंड्रीतल्या माणसांचे हात आम्ही पाहिले होते. मामाचेच पाहिले होते. आई त्या महिन्यात रोज देवापुढं थोडा जास्त वेळ बसायची. दादा तिला वाडीच्या दत्ताच्या नवसानं झालेला, त्यामुळे तिचं गाऱ्हाणं थेट तिकडं असायचं.

प्रत्येक संघानं आपापल्या खेळाडूंचा कागद द्यायचा होता. बापूनं ते काम मला दिलं. मी दोन दुपारी बसून सुरेख कागद केला. रेघा आखल्या. दादाच्या नावापुढं लिहिलं, झेल एकतीस, सुटलेले नऊ. बापूनं कागद पाहिला आणि डोकं खाजवलं.

"शालन, ही सुटलेल्याची ओळ काढ की गं."

"का? खरं आहे ते."

"खरं हाय गं. पर बाकीच्यांच्या कागदावर असणार हाय का? आपणच आपली धुणी रस्त्यावर कशाला वाळत घालायची?"

आई भाकरी थापत होती. तिला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "एवढं म्हणतोय तर मार की बाई रेघ." दादानं कागद हातात घेऊन वाचला, "नऊ झाले व्हय," एवढंच म्हणाला आणि परत ठेवला. मला वाटलं होतं, चाळीसातले एकतीस धरणारा माणूस काय ताकदीचा आहे हे कुणालाही दिसेल. ज्याला कळतं त्याला तर दिसेलच. शिवाय ते आखलेलं, स्वच्छ पान मला मोडवेना. खरेपणापेक्षा त्या पानाचा लोभ जास्त होता, हे मान्य करायला मला फार वर्षं लागली.

निवडीचे साहेब मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. कागदातलं काही विचारलं तर असावी म्हणून बापूनं मला बरोबर नेलं. दादा बाहेर लिंबाखाली उभा होता. साहेबांनी कागद वाचत वाचत बोट थांबवलं.

"हे काय? सुटलेले नऊ? हे कुणी लिहिलंय?"

"हिनं," बापू म्हणाला. "दत्ताची बहीण हाय."

"बहीण हाय का वैरीण?" ते हसले. माणूस वाईट नव्हता, आम्हाला चहा सांगितला होता त्यानं. "नऊ सोडलेला माणूस मी स्लिपला उभा करू व्हय? लोक मला काय म्हणतील? ह्यो दुसरा बघा. अठरा झेल. सुटलेला एक न्हाय."

"साहेब, त्यांच्या कागदावर सुटलेल्याचा रकानाच न्हाय," बापू म्हणाला.

"सुटलं असतं तर लिहिलं असतं की, तुमच्यासारखं."

त्या दुसऱ्या मुलानं आमच्याविरुद्ध एका दुपारी तीन झेल सोडले होते. ते माझ्या वहीत, मागच्या पानावर, त्याच्या नावासमोर होते. वही माझ्या पिशवीत होती आणि पिशवी माझ्या मांडीवर. बाहेर काढायची आणि पान उघडायचं, एवढंच काम होतं. बापू माझ्याकडे बघत होता. परक्या माणसापुढं, इतक्या पुरुषांत, मला कधीच बोलता आलं नव्हतं, आणि त्या दिवशीही आलं नाही. चहा आला. मी तो प्यायले. आजही पत्र्याच्या शेडमधला तो उन्हानं तापलेला वास आणि आलं घातलेला चहा यांची गाठ सुटत नाही.

निकाल त्याच दुपारी लागला. आम्ही चालत घरी आलो. तालमीच्या पायरीवरून कुणी काही विचारलं नाही, त्यांना कळलं असावं. आबा म्हशी घेऊन कट्ट्यावर निघायच्या बेतात होते. दादानं हात धुतले, कळशी घेतली आणि नेहमीसारखा घरातल्या म्हशीखाली बसला. तिच्याखाली तो लहानपणापासून बसत आलेला. पहिल्या दोन धारा आल्या आणि मग थांबल्या. त्यानं कास चोळली, तिच्याशी बोलला, पुन्हा बसला. म्हशीनं पाय उचलला. दादा तिसऱ्यांदा बसला तेव्हा मला त्याच्या बोटांची पेरं दिसली. ती पांढरी झाली होती. आबा दारात थांबून हे सगळं बघत होते. त्यांनी हातातला कासरा खुंटीला अडकवला, आत आले, दादाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उठवलं आणि स्वतः खाली बसले. तरी दूध आलं नाही. "न्हाय देत आज," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. उद्या दील." त्या संध्याकाळी कट्ट्यावरही कुणी गेलं नाही.

दुसऱ्या महिन्यात दादा फाउंड्रीत लागला. पुढं कागलची पंचतारांकित एमआयडीसी झाली तेव्हा तिकडच्या कारखान्यात गेला. "पंचतारांकित हाय," तो सांगायचा, "फक्त जेवण डब्यातलं." त्याचे तळवे दोन-तीन वर्षांत खरबरीत झाले. मग तो धार काढायचा बंद झाला. मला नोकरी लागली, ती शाळेच्या ग्रंथालयात. दादानं मला कधी बोल लावला नाही. लग्नकार्यात चार माणसांत तो म्हणायचा, "हिच्यापुढं जपून वागा, सुटलेलं समदं लिहून ठेवती." सगळे हसायचे, मीही हसायची. तो टोमणा होता की लाड, हे विचारायचं राहिलं ते राहिलंच. परवा वाचनात आलं की आता मोठ्या सामन्यांत सुटलेल्या झेलांचीही मोजदाद ठेवतात आणि त्यावरून कोण चांगला ते ठरवतात. आबांना हे सांगायला हवं होतं असं वाटलं. मग वाटलं, सांगून काय झालं असतं.

शेवटच्या दोन महिन्यांत दादा अंथरुणावर होता. मी रोज दुपारी त्याच्याकडे जायची आणि मोबाइलवर जुने सामने लावायची. हयातभर ज्यांना नुसतं ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा दिसले. बगळा बुटका निघाला. दादा बघतच राहिला. "ह्यो बगळा? ह्यो तर बदक हाय गं," म्हणाला आणि हसता हसता त्याला खोकला आला. लोणीच्या झेलाला चांगला फटाक्यासारखा आवाज होता. एकेक नाव असं खाली येत गेलं. टोपीवाल्याचेही सुटलेले बघितल्यावर दादा थकून उशीवर टेकला आणि म्हणाला, "पयला नंबर आबांच्या फोटोतल्यालाच ऱ्हाऊ दे. त्याचं कुणी काय लिहिलंच न्हाय. सुखी माणूस."

तेव्हा मी बोलले. इतक्या वर्षांनी. म्हणाले, "दादा, त्या मुलाचे तीन सुटलेले माझ्या वहीत होते. वही माझ्या मांडीवर होती. मी काढली नाही."

"ठावं हाय मला. बापूनं त्याच दिवशी सांगिटलं हुतं."

"मग कधी बोलला का नाहीस?"

तो खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर काही नव्हतं, समोरच्या घराची भिंत. मग म्हणाला, "माझे नऊ न्हवते, शाले. धा हुते. तू पेन्सिल तासत हुतीस, मान खाली घालून. बारीक कड लागली, बॉल माझ्या करंगळीला लागून मागं गेला. कीपरला वाटलं बॅटला लागलाच न्हाय. कुणालाच कळलं न्हाय. मीबी बोललो न्हाय." माझ्याकडे वळून म्हणाला, "लय वर्सं झाली. तेवढा लिही."

मी म्हणाले, लिहिते. त्यानंतर तो आठ-दहा दिवस होता. त्या दिवसांत त्याला क्रिकेटचं काही नको होतं. खरवस मागितला, तो मी गवळ्याकडून चीक आणून केला. दोन घास खाल्ले. मधला भागच खाल्ला.

गुणवही मी आज उघडली. तिची मागची पानं पिवळी झाली आहेत आणि कडेनं तुटतात, पण पेन्सिल टिकते. दत्ता, स्लिप. 'हातातून'च्या रकान्यात एक बांधलेली पेंढी आणि तिच्या पुढं चार सुट्या रेघा, इतकी वर्षं तशाच उभ्या. पेन्सिल आधी तासून ठेवली होती. मान खाली घालून त्या चार रेघांवरून तिरपी रेघ ओढली. पेंढी बांधली गेली.